न केलेली खूण

“…पण तिकाच कित्या, मामा?”

गार्डमामा काळा चष्मा लावून पडवीतल्या बाकावर ताठ बसून होते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून त्यांना पंधरवडा झाला होता, आणि उजव्या डोळ्याने त्यांना आधीपासूनच धड दिसत नव्हतं.

हेमंत नाबर पायरीवर उभा होता. त्याने चपलाही काढल्या नव्हत्या.

मी पडवीच्या कोपऱ्यात तंबूचं फाटलेलं कापड शिवत बसलो होतो. खरं तर अशा वेळी माणसाने उठून मागच्या दारी जावं. मी गेलो नाही. मला ऐकायचं होतं.

गार्डमामा म्हणजे जंगलखात्यातले निवृत्त वनरक्षक. चौतीस वर्षं त्यांनी हाच किनारा आणि त्याला लागून असलेलं रान राखलं. निवृत्तीनंतर दर फाल्गुनात ते आम्हा वीसबावीस जणांना करंजाच्या खाडीवर तीन दिवस मुक्कामाला नेतात. तिथं रान थेट समुद्रापर्यंत उतरतं. मामा तिथं भाषण देत नाहीत, फारसं बोलतही नाहीत. तरी आम्ही स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवतो. गुरू म्हटलं की मात्र ते चिडतात.

यंदा डॉक्टरांनी त्यांना ऊन, धूळ आणि वाकणं, तिन्ही बंद केलं होतं. मुक्काम दुसऱ्या कुणीतरी आखायचा आणि न्यायचा होता. यंदा जो नेईल तोच पुढेही नेईल, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांनी ते काम प्रणिता शेलारला दिलं. हेमंतला नाही.

“अकरा वर्षां मी तुमच्यावांगडा येतंय,” हेमंत म्हणाला. “तिका दोन वर्षां झाली. झाडांतली शिवण खयची आणि करंज खयचो, ह्या मीच तिका दाखवलंय.”

“खरा,” मामा म्हणाले.

“मी भूगोल शिकवतंय. नकाशे माझे. गेल्या वर्षीची वाट मी काढलंय.”

“ताय खरा.”

“मगे? ती दिवसातून तीनदा येवन तुमच्या डोळ्यांत थेंब घालता म्हणान?”

हे बोलायला नको होतं, हे त्यालाही बोलताक्षणीच कळलं असावं. प्रणिता आमच्या आरोग्यकेंद्रात नर्स आहे, सगळे तिला सिस्टर म्हणतात. ती मूळची पाटणकडची. थेंब घालणं हे तिचं कामच होतं. पण पोटात दुखायला लागलं की माणसाला औषधाच्या बाटलीचाही हेवा वाटतो.

हसू नका. मलाही तिचा थोडा हेवा वाटलाच होता. अकरा नाही तरी सहा वर्षं मीही येतोय, आणि मला काय मिळालं? सुई.

“चपला काढ,” मामा म्हणाले, “आणि बस.”

हेमंत बसला. बसल्याबसल्या त्याने झोळीतून एक जाड फाइल काढली आणि बाकावर ठेवली.

“मी पण एक आखणी केलंय. बावीस पानां.”

“कोणी सांगितल्यान?”

“…कोणी नाय.”

मामांनी फाइलीवर हात ठेवला. तिची जाडी चाचपली. मग हात काढून घेतला.

“माका दिसणा नाय. वाचून दाखव.”

“कितव्या पानापासून?”

“पयलो तिचो कागद. मगे तुझो.”

हेमंतचा चेहरा उतरला. तेव्हा मला वाटलं, मान दुखावला असेल.

प्रणिताचा कागद पडवीच्या भिंतीलाच टाचलेला होता. ही आमची जुनी पद्धत. मुक्कामाची आखणी एका कागदावर लिहून पंधरा दिवस भिंतीवर लावायची. शेजारी सुतळीला पेन्सिल बांधलेली असते. येताजाता कुणाला चूक दिसली की त्याने त्या ओळीवर खूण करायची आणि पुढे जायचं. खुणेखाली नाव घालायचं नाही, ही मामांची एकच अट. नाव आलं की चूक बाजूला राहते आणि माणसं भांडत बसतात, असं ते म्हणत.

कागद टाचून अकरा दिवस झाले होते. मुक्काम चार दिवसांवर आला होता.

हेमंत उठला आणि भिंतीजवळ जाऊन वाचू लागला. वर्गात वाचतो तसा, स्पष्ट आणि कोरडा.

“माणसं बावीस, त्यांत मुलं चार. तांदूळ सात किलो… इथं खूण आहे, नऊ केलेत. काडेपेट्या दोन, त्याच्या चार केल्यात. दोर कमी पडेल, अशी खूण आहे. सर्पदंशाचं औषध कुठल्या दवाखान्यात मिळेल, ते लिहिलंय. तिथपर्यंत जायला जीप किती वेळ घेईल, तेही.”

“बरा लिवल्यान,” मामा म्हणाले.

हेमंत थांबला. मग जरा घाईने पुढे गेला.

“तंबू, खाडीच्या तोंडावरची वाळू. अमावास्येला तारे बघायचे. दुसऱ्या दिवशी पाडवा, गुढी तिथंच उभारायची. परत यायला होडी…”

“थांब. मागची ओळ परत वाच.”

“तंबू, खाडीच्या तोंडावरची वाळू. झाडं आड येत नाहीत, सगळं आकाश दिसतं.”

“कधी?”

“…अमावास्येला.”

मी सुई थांबवली. मी मूळचा गडहिंग्लजचा, भरतीओहोटीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मामांची मान ज्या तऱ्हेने वळली, त्यावरून काहीतरी चुकलंय एवढं कळलं.

“फाल्गुनातली अवस,” मामा सावकाश म्हणाले. “वर्षातला मोठा उधाण. मध्यरात्री थंय कमरेभर पाणी.”

मला घाम फुटला. त्या बावीस जणांत मी होतो.

“माका उठव,” मामा म्हणाले.

हेमंतने त्यांना धरून भिंतीपाशी नेलं.

“माझा बोट त्या ओळीवर ठेव.”

त्याने ठेवलं. मामांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. पेन्सिल दाबून लिहिली की कागदावर वळ उठतो, आणि ते तोच शोधत होते. एकदा फिरवलं, मग पुन्हा एकदा.

“कोरी,” ते म्हणाले. “अकरा दिवस कोरी. बाकीचे कुडाळ-कणकवलीकडचे. समुद्र रविवारचो बघणारे. तेंका कळाचा नाय.”

“…”

“तुका कधी दिसला?”

हेमंतने खाली पाहिलं.

“आता,” तो म्हणाला. “वाचताना.”

“बरा.”

एवढंच. मामा परत बाकावर येऊन बसले. मला वाटलं, सुटला. आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. भूगोलाच्या मास्तराला अवसेचं उधाण अकरा दिवस दिसलं नाही, हे पटणारं नव्हतं. तो रोज संध्याकाळी या पडवीत येऊन त्या कागदासमोर उभा राहायचा, हे मी पाहिलं होतं.

“आता तुझो वाच.”

हेमंत फाइल उघडत होता तेवढ्यात प्रणिता आली. सायकल माडाला टेकवून, पदर खोचून, हातात औषधाची पिशवी घेऊन.

“चार वाजलं मामा, थेंब.”

“घाल. आणि आयक. हेमंतान आखणी केल्यान.”

तिने हेमंतकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

“वाचा की सर,” ती म्हणाली. “मला तर धास्तीच हाय. माझ्या त्या एका कागदावर एवढ्या लोकांना न्यायचं म्हंजे.”

तिने मामांचा चष्मा काढला, त्यांची मान मागे केली आणि पापणी बोटाने उचलली. हेमंत वाचत होता. सुरुवातीला आवाज घट्ट होता, मग चढत गेला. आखणी चांगली होती, हे मान्य करायला हवं. तंबू खाडीपासून आत, आंब्याच्या राईखालच्या सपाटीवर. राईला लागून बारमाही झरा. वाऱ्याची दिशा, सरपणाची जागा, माकडांचा त्रास, होडीची वेळ, सगळं होतं. रंगीत नकाशाही होता. तो त्याने प्रणितासमोर धरला. मामांना नकाशा दाखवून उपयोग नव्हता, दाखवायचा तिलाच होता.

“बघा सिस्टर. सगळं बसवलंय यात.”

तिचा एक हात मामांच्या कपाळावर होता. थेंब डोळ्यात मुरेपर्यंत ती नुसती नकाशा बघत राहिली.

“चर झऱ्याच्या वरच्या अंगाला आलाय, सर.”

“…काय?”

“परसाकडंचा चर. हितं. झरा त्याच्या खाली. आमच्याकडं डोंगरात असंच केलं होतं एका शाळेच्या सहलीनं. तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं जुलाबानं आडवी.” तिने बोटाने जागा दाखवली. “ह्यो राईच्या पलीकडं घ्या, उताराला. बाकी लई भारी हाय. माझ्यापेक्षा शंभर पटीनं.”

असं म्हणून तिने बाटलीचं झाकण लावलं.

बघताक्षणी तिने सांगितलं होतं. तिच्या सांगण्यात खोच नव्हती, आनंद नव्हता. रुग्णाला ताप आहे म्हणून सांगावं, तसं सांगितलं. आणि हेमंतचा चेहरा असा झाला, की मला कापडाकडे बघावं लागलं. तिने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मामा डोळे मिटून होते. थेंबांचं पाणी गालावर आलं होतं.

“हेमंता, तिच्या कागदाचा काय ता सांग.”

हेमंत भिंतीकडे बघत बोलला. “सिस्टर, तुमचे तंबू ज्या वाळूवर आहेत, तिथं अवसेला मध्यरात्री भरतीचं पाणी येतं. उधाणाचं. कमरेपर्यंत.”

प्रणिता बाकाच्या कडेवर बसली.

“मी तिथं गेले होते बघायला,” ती म्हणाली. “गेल्या आठवड्यात, दुपारी. वाळू ठणठणीत कोरडी होती.”

“अष्टमी असेल. भांगाची भरती. पाणी निम्म्यावरच थांबतं.”

“मला काय ठावं… आमच्याकडं नदी. ती पावसाळ्यात येती आन उन्हाळ्यात जाती. रोजच्या रोज कोण येतंय जातंय…” तिने पिशवी खाली ठेवली. “मुलांना मी सगळ्यात पुढं झोपवणार होते. समुद्र दिसावा म्हणून.”

मग तिने डोळे पुसले आणि हेमंतपुढे हात जोडले. अगदी खरेखुरे.

“तुम्ही आज वाचलंत म्हणून, सर. तुमचे उपकार. एवढी माणसं तुमच्यामुळं…”

“नको,” हेमंत म्हणाला.

“नाही सर, खरंच…”

“नको म्हटलं ना.”

तो इतका मोठ्याने बोलला की माडाखालची कोंबडी उडाली. नंतर त्याचा आवाज एकदम बसला.

“मला आज नाही दिसलं. कागद लागला त्याच दिवशी दिसलं. रोज येऊन बघत होतो, आणखी कुणाला दिसलं का. रोज वाटायचं, आज खूण करून टाकू. पेन्सिल हातात घेतली पण होती. एकदा नाही, तीनदा.”

प्रणिताचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले.

“पण सर, तुमचं तर यादीत नाव नाही. येत नाही म्हणून तुम्ही कळवलं होतंत.”

“हो.”

“मग तिथं आम्हाला सांगणार कोण होतं?”

“कोणी नाही.” हेमंत आता मामांकडे वळला. “मामा, कोण बुडात असा माका वाटला नव्हता. शपथ. माका वाटला, भिजतले. सामान जायत. रात्रीचे रडत वर पळतले. आणि मगे सगळे म्हणतले, नाबर असतो तर असा झाला नसता. एवढाच माका होया होता.”

मामांनी विचारलं, “पोरां किती म्हणालंस?”

“…चार.”

“ल्हानातला केदां?”

हेमंतऐवजी प्रणिताने सांगितलं, “पाच वर्षांचं.”

दूर खाडीवर कुणीतरी होडी ओढत होतं. मला वाटत होतं, मामा आता त्याला हाकलून देतील. द्यावं, असंही वाटत होतं. माझा राग काही फार शुद्ध नव्हता. हेमंत गेला तर माझ्या पुढचा एक जण कमी होईल, हा हिशेब माझ्या मनात एकदा चमकून गेला, आणि तो मी इथं लपवत नाही.

प्रणिता उठली. भिंतीजवळ जाऊन तिने सुतळीची पेन्सिल घेतली आणि वाळूची ती ओळ खोडली. वर लिहिलं, आंब्याची राई. मग हेमंतचा नकाशा घेतला आणि त्यात चर राईच्या पलीकडे काढला.

“मामा, सरांनाच नेऊ दे,” ती म्हणाली. “मला समुद्राचं कळत नाही. मी मागनं येते.”

ती मनापासून बोलत होती. ते ऐकून हेमंतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मघापासून जे त्याला हवं होतं, ते त्याच्यापुढे ठेवलं गेलं होतं, आणि ठेवणारी ती होती.

“नाय,” मामा म्हणाले. “तूच नेतलंस.”

“पण मामा, माझ्या हातनं एवढी मोठी चूक…”

“चूक सगळ्यांफुडे भिंतीक लायलंस मां? मगे झाला.”

हेमंत उभा राहिला. फाइल त्याने बाकावरच ठेवली. चपला शोधू लागला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्याला त्या सापडत नव्हत्या.

“खंय चललंस?”

“घराक.”

“मुक्कामाक येवचंस नाय?”

“कोणत्या तोंडान येव, मामा?” त्याने पाठ फिरवूनच विचारलं. “आणि आलंय तरी… तुमच्याकडे खोटा एकदा बोललंय, आता नाय बोलणंय. माझ्या पोटात आजून जळता. तिना हात जोडल्यान, तेवा जास्तीच जळला. आता सुदिक जळता.”

प्रणिताने खाली पाहिलं.

“जळांदे,” मामा म्हणाले. “हडे ये. बस.”

तो आला. बाकावर नाही, खाली जमिनीवर बसला. मामांनी चाचपत हात पुढे केला. तो त्याच्या डोक्यावर पडला आणि तिथंच राहिला.

“हेमंता, मुक्कामात मी खंय झोपतंय?”

हा काय प्रश्न, असं मला वाटलं. हेमंतलाही वाटलं असावं.

“…सगळ्यांच्या खाली. पाण्याच्या अंगाक.”

“कित्या? अकरा वर्षां येतंस. कधी इचारलंस नाय?”

“नाय.” तो नाक ओढत म्हणाला. “आमका वाटायचा, तुमका लाटांचो आवाज आवडता.”

मामांना हसू आलं. फार नाही, थोडंसंच.

“माका त्या आवाजान झोप येणा नाय,” ते म्हणाले. “चौतीस वर्षां जंगलात झोपलंय. पाणी वाजला की जाग येता. म्हणानच थंय झोपतंय.”

हेमंतने मान वर केली. मामांचे डोळे अजून मिटलेलेच होते. प्रणिता भिंतीपाशी उभी होती आणि पेन्सिल तिच्या हातात होती.

“प्रणिता,” मामा म्हणाले, “लिव. पाण्याकडचो तंबू, हेमंत नाबर.”